अंतराळ स्थानकातले उडते रोबो: उडणं सोपं, थांबणं अवघड

नासाने २०२१ मध्ये खासगी कंपन्यांसाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचं नवं दरपत्रक काढलं. सामान वर पोचवायचा दर, कचरा टाकायचा दर असं सगळं त्यात होतं, आणि अंतराळवीराच्या वेळेचाही दर होता: तासाला १,३०,००० डॉलर. त्या वेळच्या हिशेबाने साधारण ९५ लाख रुपये.

इतक्या महाग तासात अंतराळवीर काय करतो? प्रयोग करतो, दुरुस्त्या करतो, शरीर धडधाकट राहावं म्हणून व्यायाम करतो. पण त्याचबरोबर तो कॅमेरा इथून काढून तिथे लावतो, जमिनीवरच्या शास्त्रज्ञांना प्रयोग नीट दिसावा म्हणून कोन बदलतो, कुठल्या पिशवीत काय आहे ते शोधतो, हवेच्या जाळ्या तपासतो. जपानच्या जाक्सा या अंतराळ संस्थेने आपला पहिला उडता कॅमेरा तयार केला तेव्हा हिशेब मांडला होता, की अंतराळवीरांच्या कामाच्या वेळेपैकी जवळपास १० टक्के वेळ नुसता फोटो आणि व्हिडिओ काढण्यात जातो. वर्षानुवर्षं प्रशिक्षण घेऊन वर गेलेल्या माणसाने स्टँड हलवत बसावं, हे कुणालाच परवडणारं नाही. उडत्या रोबोंची गरज तिथून निर्माण झाली.

सध्या त्यातले सगळ्यात कामसू आहेत ते ॲस्ट्रोबी. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स संशोधन केंद्राने ते बनवले. एकूण तीन आहेत आणि त्यांची नावं बम्बल, हनी आणि क्वीन. बम्बल आणि हनी एप्रिल २०१९ मध्ये वर गेले, क्वीन त्याच वर्षी जुलैमध्ये. प्रत्येक रोबो म्हणजे सुमारे ३२ सेंटिमीटर बाजूचा एक ठोकळा, वस्तुमान १० किलोच्या आसपास. हात, पाय, चेहरा काही नाही. स्थानकावर याआधी रोबोनॉट २ नावाचा माणसासारखी छाती, डोकं आणि हात असलेला रोबो २०११ मध्ये नेला होता. तो फार देखणा होता, बोटांनी खटके दाबायचा. पण निरीक्षणाचं, टेहळणीचं काम करायला माणसाचा आकार लागत नाही. जिथे पाय टेकायला जमीनच नाही, तिथे ठोकळा बरा.

वजन नाही, पण वस्तुमान आहे

मी शनिवारी परळच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलांचा विज्ञानाचा वर्ग घेते. हा विषय काढला, की कुणीतरी विचारतंच, "ताई, वर गुरुत्वाकर्षणच नाही, मग उडायला पंखे कशाला?"

पहिल्यांदा हे स्पष्ट करायला हवं, की वर गुरुत्वाकर्षण आहे. स्थानक जमिनीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवर आहे आणि तिथे पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या सुमारे ९० टक्के असते. फरक एवढाच, की स्थानक, आतली माणसं, त्यांचे चहाचे पाकीट आणि रोबो हे सगळे ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती एकत्र पडत असतात. सगळेच सारख्याच गतीने पडतात, म्हणून एकमेकांच्या तुलनेत कुणालाच वजन जाणवत नाही. रोबोला खोलीच्या मध्यभागी अलगद सोडलं तर तो तिथेच तरंगत राहतो.

शिवाजी पार्कवर एखाद्या समारंभात ड्रोन उडताना पाहिला असेल तर आठवा, त्याचे पंखे किती जीव तोडून फिरत असतात. त्यातली बहुतेक ताकद पुढे जाण्यासाठी नसते, खाली न पडण्यासाठी असते. वरच्या रोबोला हा खर्चच नाही. म्हणून उडणं सोपं आहे.

अवघड आहे ते थांबणं. इथे कॅरम आठवायला हरकत नाही. बोर्डावर पावडर टाकली की स्ट्रायकर सुळकन जातो, तरी शेवटी लाकडाच्या घर्षणाने थांबतोच. आता असा बोर्ड समजा, ज्यावर घर्षण जवळजवळ नाहीच, आणि स्ट्रायकर चारी बाजूंना तर जातोच, शिवाय वर-खालीही जातो. एकदा टिचकी मारली की तो थेट कडेला आपटेपर्यंत जात राहील. स्थानकात हवा असते, पण सावकाश जाणाऱ्या वस्तूला ती फारसा अडथळा करत नाही. म्हणजे रोबोला निघण्यासाठी जेवढा धक्का लागतो, तेवढाच थांबण्यासाठी उलट्या दिशेने द्यावा लागतो, आणि तोही नेमक्या वेळी. थोडा उशीर झाला तर समोर कुणाचा तरी प्रयोग असतो.

त्यात आणखी एक गोम आहे. धक्का जर रोबोच्या वस्तुमानाच्या मध्यबिंदूतून गेला नाही, जरासा बाजूने लागला, तर तो पुढे जाता जाता स्वतःभोवती फिरायला लागतो. ते फिरणंही आपोआप थांबत नाही. म्हणून प्रत्येक हालचालीत सहा गोष्टींचा हिशेब सतत चालू ठेवावा लागतो: पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हे तीन, आणि तीन अक्षांभोवतीचं फिरणं हे आणखी तीन. जमिनीवरचा ड्रोन पुढे जायला नाक खाली करतो, आणि त्याला उचलून धरणाऱ्या जोरातला थोडा हिस्सा पुढे वळवतो. वर उचलून धरणारा जोरच नाही, त्यामुळे ती युक्ती चालत नाही. जिकडे जायचं त्याच्या बरोबर उलट दिशेने हवा सोडायची, हाच मार्ग.

ॲस्ट्रोबी ते असं करतो: दोन बाजूंना दोन पंखे स्थानकातलीच हवा आत ओढून तिचा दाब किंचित वाढवतात. ही हवा बाहेर सोडायला अंगभर १२ तोंडं आहेत आणि प्रत्येकाला उघडझाप करणारी झडप आहे. कुठली झडप किती उघडायची हे संगणक ठरवतो. वेग फार नसतो, जास्तीत जास्त सेकंदाला अर्धा मीटर, आणि बहुतेक वेळा त्याहून पुष्कळ कमी. हे मुद्दाम केलेलं आहे. वजन शून्य झालं तरी १० किलोचं वस्तुमान कुठे जात नाही, ते जोरात डोक्यावर आदळलं तर इथल्यासारखंच लागेल. म्हणून वेग कमी, कोपऱ्यांना मऊ गाद्या, आणि पंख्यांचा जोर इतकाच, की अंतराळवीर हाताने धरून त्याला सहज अडवू शकेल.

हवा वापरण्याची ही पद्धत मला फार महत्त्वाची वाटते, कारण त्याआधीच्या रोबोंची सगळ्यात मोठी अडचण तीच होती. २००६ पासून स्थानकावर स्फिअर्स नावाचे तीन रोबो होते. अमेरिकेतल्या एमआयटीने बनवलेले, प्रत्येकाला १८ बाजू, वस्तुमान साधारण ४ किलो. ते कार्बन डायऑक्साइडचे फवारे मारून हलायचे आणि साध्या पेन्सिल सेलवर चालायचे. गॅस संपला की अंतराळवीराने टाकी बदलायची, सेल संपले की सेल बदलायचे, आणि नवा माल पृथ्वीवरून यायची वाट पाहायची. मदतनिसाची उस्तवार करायलाच एक माणूस लागायचा. ॲस्ट्रोबीला इंधन म्हणून खोलीतली हवा पुरते, आणि बॅटरी उतरली की तो जपानच्या किबो प्रयोगशाळेतल्या आपल्या तळावर जाऊन चिकटतो. तिथे चुंबक त्याला धरून ठेवतात, चार्जिंग होतं आणि साठवलेली माहिती तारेने खाली पाठवायला दिली जाते. कुणी हात लावायची गरज पडत नाही.

मी कुठे आहे?

या रोबोंच्या बाबतीत माझ्या मते सगळ्यात रंजक भाग हा आहे, आणि त्याच्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं.

आपल्या फोनला मुंबईत आपण दादरला आहोत की परळला, हे जीपीएसमुळे कळतं. स्थानकाच्या धातूच्या कवचाच्या आत ते संकेत पोचत नाहीत. फोन आडवा केला की चित्र आडवं होतं, कारण फोनमधल्या सेन्सरला गुरुत्वाकर्षणामुळे खाली कुठे ते समजतं. मुक्तपणे पडणाऱ्या स्थानकात तो सेन्सर शून्य दाखवतो. तिथे खाली नाही, वर नाही. एका भिंतीवर काम करणाऱ्या माणसाची जमीन ही समोरच्या माणसाचं छत असू शकते.

स्फिअर्सने यावर आवाजाचा उपाय वापरला. त्यांच्या उडण्याच्या जागेभोवती पाच छोटी यंत्रं बसवली होती. ती माणसाला ऐकू न येणारे ध्वनी सोडायची. ध्वनी पोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर काढायचं, आणि सगळी अंतरं जुळवून जागा ठरवायची. गणित अचूक, पण काम फक्त त्या पाच यंत्रांच्या मधल्या छोट्याशा जागेत. दाराबाहेर पडलं की रोबो आंधळा.

ॲस्ट्रोबी डोळ्यांवर विसंबतो. त्याला सहा कॅमेरे आहेत. त्यातला एक सतत समोरचं चित्र घेतो आणि संगणक त्यातले ठळक बिंदू वेचतो: हाताने धरायच्या दांडीचं टोक, एखाद्या पाटीचा कोपरा, पॅनेलची कड. स्थानकाच्या आतल्या अशा बिंदूंचा नकाशा आधीच तयार करून त्याच्या स्मरणात भरलेला असतो. आत्ता दिसणारे बिंदू नकाशातल्या बिंदूंशी जुळले, की मी कुठे आहे आणि माझं तोंड कुठे आहे, दोन्ही प्रश्न सुटतात. दोन चित्रांच्या मधल्या क्षणांसाठी गती आणि फिरणं मोजणारे सेन्सर असतात. ते फार चपळ असतात, पण त्यांच्या मोजमापात बारीक चूक असते आणि ती साचत जाते. कॅमेरा संथ, पण खात्रीचा. एकाची घाई आणि दुसऱ्याचा संथ खरेपणा यांचा मेळ घालणं, हेच या सॉफ्टवेअरचं खरं कसब.

आता अडचण पाहा. स्थानक ही माणसांची राहती जागा आहे. मालवाहू यान आलं की पांढऱ्या पिशव्यांचे ढीग येतात आणि भिंतींवर बांधले जातात. ज्या दांडीच्या टोकावरून रोबो आपली जागा ओळखत होता, ती पिशवीमागे जाते. नवा प्रयोग लागतो, लॅपटॉप सरकतो, तारा लोंबतात. झोपायच्या वेळी दिवे मंद होतात आणि तेच कोपरे कॅमेऱ्याला निराळे दिसायला लागतात. नकाशा जुना झाला की रोबो गोंधळतो, आपण कुठे आहोत ते विसरतो. मग नव्याने फोटो काढून नकाशा दुरुस्त करावा लागतो. ॲस्ट्रोबीवर काम करणाऱ्या अभियंत्यांचा बराच वेळ या नकाशांवर गेला आहे. जपानने २०२३ मध्ये पाठवलेला इंट-बॉल २ हा गोल रोबो फिरता फिरताच नकाशा करत जातो आणि त्याच नकाशात स्वतःला शोधतो. त्याच्या आधीचा २०१७ चा इंट-बॉल १५ सेंटिमीटरचा, जेमतेम किलोभराचा होता, आणि त्याला जागा कळण्यासाठी भिंतीवर एक खास रंगीत खूण लावावी लागत होती. सहा वर्षांत भिंतीवरच्या खुणेपासून स्वतःच्या नकाशापर्यंत मजल गेली.

"खाली बसून रिमोटनेच का नाही चालवत?" हा वर्गातला आणखी एक रास्त प्रश्न. चालवता येतो, पण स्थानकाशी बोलणं बहुतांशी ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहांमार्फत होतं. संकेत जायला-यायला वेळ लागतो, आणि मधूनमधून संपर्क तुटतोही. समोर माणूस आला हे खाली दिसेपर्यंत रोबो पुढे सरकलेला असतो. म्हणून खालून फक्त कुठे जायचं ते सांगायचं, आणि वाट काढायची, अडथळा दिसला तर थांबायचं, हे निर्णय रोबोवर सोडायचे.

या सगळ्याची चाचणी जमिनीवर पूर्णपणे करताच येत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. एम्समध्ये घासून सपाट केलेल्या ग्रॅनाइटच्या एका मोठ्या टेबलावर हवेच्या पातळ थरावर तरंगत रोबो सरकवतात. पण त्यात सहापैकी तीनच हालचाली तपासता येतात. उरलेल्या तिघांसाठी संगणकावरचं अनुकरण, आणि खरी परीक्षा वर गेल्यावर.

कल्पना चावला होत्या त्या उड्डाणातला पहिला

माणसांच्या आसपास सुटा उडणारा कॅमेरा ही कल्पना स्थानकाहूनही जुनी आहे. ३ डिसेंबर १९९७ रोजी कोलंबिया यानाच्या एसटीएस-८७ मोहिमेत अंतराळवीर विन्स्टन स्कॉट यांनी यानाबाहेर जाऊन एक गोळा हातातून सोडला. एअरकॅम स्प्रिंट त्याचं नाव. व्यास साधारण ३५ सेंटिमीटर, १६ किलोचा, बाहेरून मऊ आवरण, आत दोन कॅमेरे, आणि ढकलायला नायट्रोजन वायू. यानाच्या आत बसून स्टीव्हन लिंडसे यांनी तो तासाभराहून जास्त वेळ उडवला. कल्पना चावला यांचं हेच पहिलं उड्डाण. बाहेर काही बिघडलंय का हे पाहायला दरवेळी माणसाने जीव धोक्यात घालून बाहेर जाऊ नये, हा त्या गोळ्यामागचा विचार होता.

सुनीता विल्यम्स यांचा तर या रोबोंशी दीर्घ संबंध आला. २००६-०७ मधल्या त्यांच्या पहिल्या मुक्कामात त्यांनी स्फिअर्सवर काम केलं, आणि २०२४-२५ मधला त्यांचा लांबलेला मुक्काम आला तोवर ॲस्ट्रोबी स्थानकात रुळले होते. त्या मुक्कामात ॲस्ट्रोबीला लवचिक भुजा बसवून तरंगती वस्तू पकडण्याची चाचणी झाली. त्या भुजांना पालीच्या पायांच्या तत्त्वावर चिकटणाऱ्या पट्ट्या होत्या. पालीच्या बोटांवर अतिशय सूक्ष्म केस असतात. ते पृष्ठभागाच्या इतके जवळ जातात, की रेणूंमधल्या आकर्षणानेच पकड बसते, गोंद लागत नाही, आणि ठरावीक दिशेने ओढलं की पकड सुटते. निकामी उपग्रहाला धरायला कडी किंवा हँडल नसतं, म्हणून अशी पकड हवी. अंतराळातला कचरा हटवायचा तर हा मार्ग उपयोगी पडेल.

जर्मनीच्या सायमनबद्दल थोडक्यात. हा ५ किलोचा गोल रोबो जर्मन अंतराळ संस्था, एअरबस आणि आयबीएम यांनी केला. त्याला पडद्यावर रेघांचा चेहरा आहे आणि तो बोलतो. नोव्हेंबर २०१८ मध्ये अंतराळवीर अलेक्झांडर गेर्स्ट यांनी स्थानकावर त्याची पहिली चाचणी घेतली. सायमनने त्यांच्या आवडीचं गाणं लावलं, ते बंद करा म्हटल्यावरही तो गाण्यातच अडकून राहिला, आणि वर "माझ्याशी नीट वागा" अशा अर्थाचं काहीतरी बोलला. जगभर त्या व्हिडिओची चर्चा झाली. त्याचं बोलणं समजून घेण्याचं काम खाली पृथ्वीवरच्या संगणकांवर होत असे, त्यामुळे उत्तर यायला वेळ लागायचा. लांबच्या प्रवासात एकटेपणा कमी करायला असा सोबती लागेल, हा विचार मला मान्य आहे. तरी आज तरी न बोलणारा ठोकळा जास्त उपयोगाचा ठरला आहे असं माझं मत आहे.

मोजा कुठे अडकला?

उपयोगाचा म्हणजे नेमकं काय, हे एका चाचणीवरून सांगते. त्याआधी स्थानकातल्या हवेबद्दल एक गोष्ट माहीत हवी. आपल्याकडे गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा गार हवा घेते. वजनच नसलं की हलकं-जड हा भेद उरत नाही, हवा आपणहून हलत नाही. झोपलेल्या माणसाने सोडलेला श्वास त्याच्याच तोंडाभोवती साठू शकतो. म्हणून स्थानकात हवा खेळवणारे पंखे अखंड चालू असतात. हरवलेली छोटी वस्तू बहुतेकदा हवा आत ओढणाऱ्या जाळीवर जाऊन बसते, त्यामुळे अंतराळवीर आधी तिथेच शोधतात.

नासाने चाचणीसाठी असा प्रसंग रचला, की एका भागात कार्बन डायऑक्साइड वाढला आहे आणि कारण माहीत नाही. बम्बल तळावरून सुटला, ठरलेल्या भागात जाऊन भिंतींची चित्रं घेतली, आणि पूर्वीच्या नेहमीच्या स्थितीशी न जुळणारी गोष्ट सॉफ्टवेअरने हुडकून काढली: हवेच्या तोंडावर मोजा अडकला होता. खरा मोजा नव्हे, मोज्याचं छापील चित्र तिथे लावलं होतं. पण शोध मात्र खरा होता. माणूस घरात नसताना घराची तब्येत पाहता येते का, एवढंच तपासायचं होतं.

याच धर्तीची आणखी कामं त्यांनी केली आहेत. पिशव्यांवर आणि वस्तूंवर चिकटवलेल्या रेडिओ खुणा वाचत फिरायचं आणि कुठली वस्तू कुठे आहे ते कळवायचं. बॉशने बनवलेलं मायक्रोफोनचं उपकरण घेऊन यंत्रांचे आवाज ऐकायचे, म्हणजे एखाद्या पंप-पंख्याचा सूर बदलला तर तो बंद पडण्याआधी समजेल. पाठीवरची छोटी भुजा बाहेर काढून भिंतीवरची दांडी धरायची, पंखे बंद करायचे आणि तिथूनच तासन्‌तास कॅमेरा धरून राहायचं. यात बॅटरीही वाचते आणि आवाजही होत नाही. शिवाय कॅमेरा किंवा माइक चालू असेल तर रोबोवरचा दिवा तसं दाखवतो. बंद जागेत महिनोन्‌महिने राहणाऱ्या माणसांना आपल्याकडे कुणी पाहतंय का हे कळायलाच हवं. अभियंत्यांनी त्याचा विचार पहिल्यापासून केला, याचं मला कौतुक वाटतं.

आपलं स्थानक

२०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय स्थानकावर १८ दिवस राहून आले. भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभं करायचं आणि त्याचा पहिला भाग २०२८ मध्ये सोडायचा, असं उद्दिष्ट सरकारने ठेवलं आहे. तो पहिला भाग माणसांविनाच वर जाणार. आपल्याकडे रोबो म्हटलं की इस्रोच्या व्योममित्रा या स्त्रीरूपी रोबोचा चेहरा डोळ्यांसमोर येतो, आणि गगनयानाच्या मानवरहित उड्डाणासाठी तिचं काम महत्त्वाचं आहेच. पण ती आसनावर बसून पॅनेल हाताळणारी आहे. रिकाम्या स्थानकात फेरी मारून हवा, आवाज, गळती, तापमान यांच्यावर नजर ठेवायला उडता मदतनीस लागेल.

त्याची विद्या आपल्याकडे अगदीच नाही असं नाही. इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेत १६ जानेवारी २०२५ रोजी दोन उपग्रह कक्षेत एकमेकांना जोडले गेले. त्याआधी ते १५ मीटरपर्यंत आणि मग ३ मीटरपर्यंत जवळ आणून पुन्हा लांब नेले होते. दोन सुट्या वस्तू, दोन्हींना थांबवणारं घर्षण नाही, आणि अलगद एकमेकींजवळ आणायचं आहे: हेच गणित स्फिअर्सवर वर्षानुवर्षं तपासलं गेलं. मुंबईपुरतं बोलायचं तर पवईच्या आयआयटीतल्या विद्यार्थ्यांनी बनवलेला प्रथम हा उपग्रह सप्टेंबर २०१६ मध्ये पीएसएलव्हीने कक्षेत नेला. त्याचं वस्तुमानही १० किलोच्या आसपास, म्हणजे एका ॲस्ट्रोबीइतकं. ॲस्ट्रोबीचं सॉफ्टवेअर नासाने सगळ्यांसाठी खुलं ठेवलं आहे, त्याचं संगणकावरचं अनुकरणही मिळतं, आणि ते ज्या पायावर उभं आहे ती प्रणाली मुंबईतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांमधली रोबो करणारी मुलं रोज वापरतात. जपान दरवर्षी किबोमधल्या ॲस्ट्रोबीसाठी विद्यार्थ्यांची प्रोग्रॅमिंग स्पर्धा घेतं, आणि अंतिम फेरीतला कोड खरोखर वरच्या रोबोवर चालवतात.

मागे वर्गात एका मुलीने विचारलं, "मोजा शोधायला गेलेला रोबोच अडकला तर त्याला कोण शोधणार?" आज याचं उत्तर सरळ आहे: अंतराळवीर त्याला हाताने उचलून तळावर नेऊन ठेवतो. रिकाम्या स्थानकात हे उत्तर चालणार नाही. आंतरराष्ट्रीय स्थानकाचे भाग आखले गेले तेव्हा त्यात कधी ठोकळे उडतील असं कुणाच्या मनात नव्हतं, त्यामुळे रोबोलाच त्या घराशी जुळवून घ्यावं लागलं. आपल्याला ते घर कोऱ्या कागदावर आखता येणार आहे. दिवे मंद असतानाही दिसतील अशा खुणा भिंतींवर पहिल्यापासून ठेवता येतील, पिशव्या कधीच झाकणार नाहीत अशा जागी. दोन भागांमधलं दार रोबोला स्वतः ओलांडता येईल असं करता येईल. वाट चुकली तर दांडी धरून पंखे बंद करून थांबायचं हा नियम घालता येईल, आणि दांड्या त्याच हिशेबाने पुरेशा जवळ लावता येतील. प्रत्येक भागात एक तळ असावा, आणि एक रोबो अडकला तर त्याच्यापर्यंत पोचणारा दुसरा असावा. पहिला भाग २०२८ ला जायचा असेल तर दांड्या आणि खुणा कुठे बसवायच्या हे त्याच्या आराखड्यातच ठरवावं लागेल, कारण भिंत एकदा वर गेली की तिला भोक पाडायला कुणी सुतार मिळणार नाही.